फलकावर टाकलं होतं

आमच्या इमारतीत एखादी गोष्ट कुणालाही कळू द्यायची नसेल, तर ती चर्चाफलकावर जाहीर करतात.

हा शोध मला अंगाला साबण लावलेल्या अवस्थेत लागला. सकाळची वेळ, ऑफिसची घाई, मी डोक्यापासून पोटरीपर्यंत फेसात, आणि नळाने एक उचकी देऊन मान टाकली. दुसरा नळ फिरवला. त्याने उचकीसुद्धा दिली नाही. मी डोळे मिटूनच बायकोला हाक मारली.

"अगं, पाणी गेलं!"

"टाकी धुताहेत," दाराबाहेरून शांत उत्तर आलं. शांतच येणार, तिची आंघोळ झाली होती. "आताच सेक्रेटरींना फोन केला. ते म्हणाले, फलकावर टाकलं होतं."

"मग तू वाचलं नाहीस?"

"तुम्ही वाचलंत?"

संसारात काही प्रश्नांना उत्तर नसतं, फक्त दुसरा प्रश्न असतो. पिण्याच्या पाण्याच्या दोन बाटल्यांत मी उरलेला कार्यक्रम उरकला आणि ऑफिसला गेलो. मी वजनमापे खात्यात आहे. दुकानदारांचे तराजू तपासणं आणि ग्रॅमभर फरकासाठी त्यांना फैलावर घेणं हे माझं काम. त्या दिवशी एका वाण्याला मी नेमकेपणाचं महत्त्व समजावून देत होतो आणि तो टक लावून माझ्या कानाकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "साहेब, कानामागे फेस आहे." त्याचा तराजू मी दोनदा तपासला. दुर्दैवाने बरोबर निघाला.

तेव्हाच मी ठरवलं, की आजपासून फलकावरच्या ताज्या पोस्ट रोज वाचायच्या. एवढाच माझा संकल्प होता. मला देश सुधारायचा नव्हता.

आता हा फलक म्हणजे भिंतीवरचा नव्हे. भिंतीवरचा असता तर जिना उतरताना वाचला असता आणि ही गोष्ट इथेच संपली असती. हा इंटरनेटवरचा. सहा वर्षांपूर्वी सेक्रेटरींच्या भाच्याने तो फुकट करून दिला, आणि फुकट दिलेल्या वस्तूला नावं ठेवायची नसतात म्हणून आम्ही तो तसाच वापरतो. त्या वेळी सगळ्यांनाच उत्साह होता. माझ्या सासूबाई, त्या तेव्हा होत्या, त्यासुद्धा चष्मा नाकावर ओढून एका बोटाने मोबाईल बडवत बसायच्या. पुढे भाच्याला लांबच्या देशात नोकरी लागली आणि तो पासवर्डसकट गेला. फलकावर नावं दिसत नाहीत, फक्त फ्लॅट क्रमांक दिसतात. म्हणजे लोकांनी मोकळेपणाने बोलावं. फ्लॅट क्रमांकामागे कोण राहतं हे इमारतीत कुणाला कळणार!

पुढे जाण्याआधी माझे सासरे आणि माझी खुर्ची यांच्याविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्या दोघांवर बेतलं.

सासरे ड्रिलमास्तर होते. निवृत्त झाले, पण ते शाळेतून, ड्रिलमधून नाही. ते आमच्याकडे राहतात. सासूबाई गेल्याला तीन वर्षं झाली, पण त्या होत्या तेव्हापासून रोज संध्याकाळी ते खाली गेटजवळच्या लोखंडी बाकावर ताठ बसतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याची तपासणी करतात. "पाठ सरळ!" "पाय ओढताय का, बूट भाड्याचे आहेत?" "पोट आत, छाती बाहेर. उलटं कुणी शिकवलं?" त्यांच्या तडाख्यातून दूधवालासुद्धा सुटत नाही. आणि नेमक्या त्याच वेळात मी ऑफिसातून येऊन खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर उघडतो. आमच्या घरात बसण्याजोगी खुर्ची तेवढी एकच. बाकीच्या खुर्च्या पाहुण्यांनी लवकर जावं म्हणून घेतलेल्या आहेत. सासरे वर आले की ती खुर्ची त्यांची. तक्रार नाही, वडीलधाऱ्यांचा मान आहे. पण संध्याकाळचे ते दोन तास माझे. त्या दोन तासांच्या भरवशावर मी उरलेला दिवस निभावतो.

तर त्या संध्याकाळी मी पेपरऐवजी मोबाईल उघडला. फलकावर 'ताज्या पोस्ट' असं बटण आहे. ते दाबलं. 'गच्चीत चादरी वाळत घालण्याबाबत' असा विषय आला. पुन्हा दाबलं. 'सेक्रेटरींचं मांजर हरवलं आहे.' ते मांजर हरवून चार वर्षं झाली. त्याच्या नातवंडांनी आता दुसरी इमारत धरली असेल. टाकी, पाणी, धुलाई या शब्दांचा कुठे मागमूस नाही. नुसती विषयांची नावं, पुढे फ्लॅट क्रमांक आणि तारीख. पानं मात्र चिक्कार.

एवढ्यात शेजारचे हवामानवाले साखर मागायला आले. ते हवामान खात्यातून निवृत्त झाले आहेत. त्यामुळे ते कुठल्याही विषयावर ठामपणे बोलतात आणि चुकलं तर वाईट वाटून घेत नाहीत.

"ताजं कुठे असतं? शेवटच्या पानावर," ते म्हणाले. "पुस्तकात शेवटचं पान शेवटीच लिहितात ना?"

मला पटलं. हीच माझी चूक. मी शेवटच्या पानावर गेलो.

"आता एक काहीतरी लिहून टाका," हवामानवाले म्हणाले. "तुमची पोस्ट जिथे दिसेल ती ताजी जागा. आम्ही वारा बघायला फुगा सोडायचो, तसं."

हे तर मला फारच पटलं. आम्हीही तराजू तपासताना आधी एक खात्रीचं वजन टाकतो. विषयाचं नाव अगदी बारीक अक्षरांत होतं आणि माझा चष्मा टीव्हीवर. 'उत्तर द्या' हे बटण तेवढं लालभडक असल्यामुळे दिसलं. मी लिहिलं, 'आलं का?' आणि दाबलं.

पान हललं. माझं वजन दिसेना. आम्ही दोघांनी शेवटचं पान वरून खाली, खालून वर पाहिलं. नाही.

"गेलंच नाही," हवामानवाले म्हणाले आणि साखर घेऊन गेले.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पण हात कुठे दाखवला आहे, हे मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कळलं.

गेटमधून आत शिरतो तर तळमजल्यावरच्या शिवणवाल्या बाई मशीन सोडून दारात आल्या. "भाऊ, धाडस केलंत हो," त्या दबक्या आवाजात म्हणाल्या. "फलकावर वाचलं. बाई गं, म्हटलं, बोललं एकदाचं कुणीतरी."

मला वाटलं, पाण्याविषयी बोलतायत; माझी कालची पोस्ट पोचलेली दिसते. मी म्हटलं, "अहो, किती दिवस सहन करायचं? माझ्यासारख्या माणसाला स्वतःच्या घरात अंघोळीला बसायची चोरी!"

"अगं बाई! अंघोळीलासुद्धा सोडत नाहीत?"

"मुळीच नाही. एकदा कायमचा बंदोबस्त झालाच पाहिजे."

बाईंच्या डोळ्यांत आदर आणि भीती सारख्याच मापाने भरली. मी ताठ मानेने पुढे गेलो. बाक रिकामा होता. तेव्हाही मला शंका आली नाही. शंका आली ती घरात शिरल्यावर. खुर्चीत सासरे होते, हातात माझा पेपर होता आणि पेपर ताठ होता.

"बाबा, आज खाली नाही गेलात?"

"बंदोबस्त झाला," पेपरामागून आवाज आला.

बायकोने मोबाईल माझ्यापुढे धरला. फलकावर सगळ्यात वर विषय होता: 'गेटजवळच्या बाकावर बसून शेरे मारणाऱ्या ज्येष्ठांचा बंदोबस्त करणे.' त्यापुढे आमचा फ्लॅट क्रमांक. त्यापुढे कालची तारीख.

प्रकार असा होता. कधीकाळी एका भाडेकरूने ही तक्रार केली होती. तो भाडेकरू केव्हाच दुसरीकडे राहायला गेला होता आणि तक्रार बुडत बुडत शेवटच्या पानावर जाऊन पडली होती. पण भाच्याची कारागिरी अशी, की जुन्या विषयाखाली कुणी एक अक्षर लिहिलं, की तो अख्खा विषय उसळी मारून पहिल्या पानावर येतो आणि नावापुढे तो तळातून वर काढणाऱ्याचा फ्लॅट क्रमांक लागतो. मी चाचणीसाठी नेमकं त्यावरच वजन टाकलं होतं. माझ्या 'आलं का?' च्या खाली लोकांनी भराभर लिहिलं होतं: 'आलं! पूर्ण सहमत.' 'उशिरा का होईना.' 'घरच्यांनीच पुढाकार घेतला, अभिनंदन.' शेवटचं दातांच्या डॉक्टरांचं. चौथ्या मजल्यावर त्यांचा दवाखाना आहे आणि सासरे त्यांच्या पेशंटांना गेटवरच सांगतात, "घाबरता काय, बत्तीसच तर आहेत!"

"बाबा, मी हे वाचलंसुद्धा नव्हतं. मी फक्त बघत होतो की ताजी पोस्ट कुठे—"

"जावईबापू," सासऱ्यांनी पेपराची घडी घातली, "गृहपाठाची वही गाईने खाल्ली, इथपासून सगळी कारणं ऐकून मी म्हातारा झालोय. तुमचं कारण त्यातही कच्चं आहे."

"बाबांना काही सांगायचं होतं तर तोंडावर सांगायचं," बायको म्हणाली. "जगजाहीर कशाला?"

म्हणजे पाहा. पाण्याची सूचना परवापासून फलकावर होती, ती एकालाही दिसली नाही. माझे दोन शब्द चष्म्याशिवाय सगळ्यांना दिसले.

त्या दिवसापासून सासरे खाली जाईनात. खुर्चीतच बसून शेरे मारू लागले, आणि घरात येणारा-जाणारा मी एकटाच. "घास बत्तीस वेळा चावा. मोजतोय मी." "मोजे काढताना भिंतीला टेकू नका, भिंत तुमची नाही, बिल्डरची आहे." मी स्टुलावर बसून पेपर वाचायचा प्रयत्न केला. "पाठ सरळ!" मी स्वयंपाकघरात गेलो. तिथे बायको होती, आणि तिचं गप्प बसणं सासऱ्यांच्या बोलण्यापेक्षा मोठ्याने ऐकू यायचं. शेवटी मी ऑफिसात उशिरापर्यंत थांबू लागलो. शिपाई विचारायला लागला, "साहेब, घरी सगळं बरं आहे ना?"

आणि खरं सांगायचं तर एक गोष्ट मला टोचत होती. सासरे शेरे मारत होते, पण त्यांत जोर नव्हता. मधूनच ते उठायचे, खिडकीतून खालच्या बाकाकडे बघायचे आणि पुन्हा बसायचे.

मी सेक्रेटरींकडे गेलो. विषय काढून टाका म्हटलं.

"काढायचा अधिकार भाच्याला."

"मग भाच्याला फोन करा."

"तिकडे रात्र असते."

"आत्ता?"

"फोन करावा तेव्हा."

"बरं, मी खुलासा करतो. 'माझा तसा हेतू नव्हता' असा नवा विषय टाकतो."

सेक्रेटरींनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "भाचा गेल्यापासून नव्या विषयाला समितीची मंजुरी लागते. समिती रविवारी बसते. आणि रविवारी फलकावर सगळ्यात वर असलेला एकच विषय घेतात."

"एकच का?"

"दुसरा घेतला की भांडणं होतात. पहिल्या विषयानंतर लगेच चहा. आता सगळ्यात वर कोणता विषय आहे ते तुम्हाला माहीतच आहे. तुमचाच."

"म्हणजे नवा विषय कधीच टाकता येत नाही?"

"येतो की. मंजुरी मिळाली की."

"मग तुम्ही स्वतः सूचना कुठे टाकता?"

"मांजराखाली," सेक्रेटरी सहजपणे म्हणाले. "माझा तो मंजूर विषय आहे. डॉक्टर 'लिफ्टमधला वास' याखाली लिहितात. शिवणवाल्या बाई 'चादरी'खाली. ज्याचा त्याचा ठरलेला आहे. टाकीचंसुद्धा मी मांजराखालीच टाकलं होतं. सगळ्यांना माहीत आहे, तुम्हाला कसं नाही?"

चार वर्षं मी त्या मांजराला ओलांडून जात होतो आणि अख्ख्या इमारतीचं पाणी त्याच्या पोटात होतं.

निघताना ते म्हणाले, "आणि वेल्डरला सांगून ठेवलंय. रविवारी ठराव झाला की बाक कापून नेईल. दोन स्कूटर बसतील तिथे." सेक्रेटरींकडे दोन स्कूटर आहेत. हा निव्वळ योगायोग.

आता मात्र माझं धाबं दणाणलं. बाक गेला तर सासरे कायमचे वर आणि मी कायमचा स्टुलावर. त्याच विषयाखाली मी खुलासा लिहिला: 'माझा तसा हेतू नव्हता.' त्याने तो विषय आणखी पक्का वर जाऊन बसला आणि खाली उत्तरं आली: 'आता माघार नको.' 'दबावाला बळी पडू नका.' 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत.' माझ्या पाठीशी माणसं अशी उभी आयुष्यात पहिल्यांदाच राहिली होती.

युक्ती सांगितली ती दातांच्या डॉक्टरांनीच. त्यांना बाक जायला हवा होता, पण सल्ला द्यायची संधी दिसली की डॉक्टर स्वतःचं नुकसान बघत नाही. "वर आलेलं खाली ढकलता येत नसतं," ते म्हणाले. "दुसरं काहीतरी वर आणा."

शनिवारी दुपारी मी कामाला लागलो. आधी मांजर. त्याखाली लिहिलं, 'काही पत्ता?' थोड्याच वेळात खालून आवाज आला. बघतो तर सेक्रेटरी बनियनवर, हातात दुधाची वाटी घेऊन, पार्किंगमध्ये गाड्यांखाली वाकून "ये, ये" करत होते. त्यांनी 'पत्ता' एवढंच वाचलं होतं. मला कसंसंच झालं. मग 'लिफ्टमधला वास' याखाली मी लिहिलं, 'पुन्हा?' तासाभरात सगळी इमारत जिन्याने चढू-उतरू लागली. ज्यांना कधी वास आला नव्हता त्यांनाही तो आता स्पष्ट येत होता. लिफ्टचा मेकॅनिक आला, नाक वर करून तीन फेऱ्या मारल्या आणि "येतोय खरा" असं सांगून पुढच्या आठवड्याची वेळ देऊन गेला. गच्चीवरच्या चादरी वर आणल्या तर दोन शेजारणींचं जुनं भांडण नव्याने सुरू झालं. आणि एवढं सगळं करून मी पहिलं पान बघावं, तर कुणीतरी पुन्हा लिहिलेलं: 'विषय भरकटवू नका. बाकाचं काय?' की बाक पुन्हा सगळ्यात वर. मी वर आणत होतो ते सगळं तरंगत होतं, पण बाक लोखंडी असून सगळ्यांत हलका निघाला.

संध्याकाळ झाली. वर आणण्याजोगं आणखी काय उरलंय ते बघावं म्हणून मी पुन्हा शेवटच्या पानावर गेलो. या वेळी चष्मा घालून.

तळाशी एकच विषय पडला होता. 'बाकाला पाठ.' उत्तरं: एकही नाही. फ्लॅट क्रमांक आमचाच.

मी तो लिहिला नव्हता. बायकोने लिहिला असता तर त्याला उत्तर द्यायची टाळाटाळ समितीने केली नसती. मी उघडला.

'समितीस नम्र विनंती. पहिल्यांदा नम्र आहे. गेटजवळच्या बाकाला पाठ नाही. आमच्या ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या पाठी सरळ केल्या, आता स्वतःची दुखते, पण सांगायचे नाहीत. बाकाला पाठ बसवावी म्हणजे अर्धा तास जास्त बसतील. वर जावयांना तेवढाच वेळ खुर्ची मिळेल. ऑफिसातून दमून येतात. बोलत नाहीत काही, पण तोंडावर दिसतं. चांगले आहेत. उत्तर द्यावे.'

मी ते पुन्हा वाचलं. सासूबाई आमच्या घरात तीन वर्षं होत्या. माझ्याशी बोलणं म्हणजे "चहा ठेवू का?" आणि "किल्ली घेतली का?" एवढंच. मला वाटायचं, या घरात माझ्या खुर्चीचं कुणालाच काही नाही. आणि या बाई एका बोटाने एवढं सगळं टाईप करून बसल्या होत्या. मला लाज वाटली. त्याहून जास्त, मला त्यांची आठवण आली, आणि ती त्या गेल्यानंतर मला कधी आली नव्हती.

मी बायकोला बोलावलं. तिने वाचलं, पदर तोंडाला लावला आणि मोबाईल तसाच नेऊन बाबांच्या हातात दिला.

सासऱ्यांनी मोबाईल हात लांब करून धरला. वाचता वाचता ते खुर्चीतून उठून उभे राहिले.

"पाठ दुखते हे मी तिला सांगितलं नव्हतं," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "याला कुणी उत्तर का दिलं नाही?"

"शेवटच्या पानावर होतं, बाबा. कुणाला दिसलं नाही."

"तुम्ही तर रात्रंदिवस फलकावर होतात. काय शोधत होतात?"

"ताज्या पोस्ट."

ते माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता शेरा येणार. पण त्यांनी मोबाईल माझ्यापुढे केला. "लिहा उत्तर."

"काय लिहू?"

"हजर," सासरे म्हणाले. "तिने हाक मारली होती ना? लिहा, हजर."

मी लिहिलं. सगळ्या इमारतीच्या डोक्यावरून सासूबाईंचा विषय पहिल्या पानावर सगळ्यात वर आला.

पण वर येणं सोपं, टिकणं अवघड. रविवारी सकाळी चहाच्या आधीच कुणीतरी बंदोबस्ताच्या विषयाखाली 'सहमत' लिहिलं आणि तो पुन्हा वर चढला. सासऱ्यांनी मोबाईल माझ्या हातातून काढून घेतला. सभा सुरू होईपर्यंत ते खुर्चीत ताठ बसून 'बाकाला पाठ' याखाली एकामागून एक हुकूम टाकत होते: 'सावधान.' 'विश्राम.' 'सावधान.' 'डावीकडे बघ.' विरोधकांनी एक 'सहमत' टाकला की यांचा 'पुढे चल' तयार. अख्ख्या शाळेला उन्हात उभं करणाऱ्या माणसाशी कोण टिकणार? सभेच्या वेळेला सगळे दमले होते, सासरे सोडून.

सभा पार्किंगमध्ये भरते. वेल्डर आपली नळकांडी घेऊन बाकाशेजारी उभाच होता. सेक्रेटरींनी घसा साफ केला, मोबाईल उघडला आणि न बघताच सुरुवात केली. "फलकावरचा पहिला विषय..." मग थांबले. नियम त्यांचाच होता. त्यांनी सासूबाईंची पोस्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचली. 'तोंडावर दिसतं' या ठिकाणी सगळ्यांनी वळून माझ्या तोंडाकडे पाहिलं. ते मी कुठे लपवणार?

शिवणवाल्या बाईंनी नाक ओढलं. दातांचे डॉक्टर म्हणाले, "माझं अनुमोदन. पाठ हवी. पाठीशिवाय बसवायला माझी खुर्चीसुद्धा धजत नाही." सेक्रेटरींनी आपल्या दोन स्कूटरींकडे एकदा पाहिलं आणि ठराव मंजूर केला. दुसरा विषय कुणी काढला नाही, कारण लगेच चहा आला. वेल्डर कापायला आला होता, तो जोडून गेला. सासरे शेजारी उभे राहून त्याला पाठीचा कोन सांगत होते, तरी त्याने काम पुरं केलं. याबद्दल त्याला वेगळे पैसे द्यायला हवे होते.

रंग वाळल्यावर सासरे पहिल्यांदा बाकाला टेकून बसले. मी समोर उभा होतो.

"कशी आहे, बाबा?"

"वाकडी आहे," ते म्हणाले. हलले मात्र नाहीत. हात मागे नेऊन त्यांनी लोखंडावरून एकदा फिरवला. "जा वर. खुर्चीत बसा जाऊन. तुमचं तोंड बघवत नाही."

मी वर गेलो, खुर्चीत बसलो, पेपर उघडला आणि अर्धा तास जास्त वाचला.

इथे ही गोष्ट संपायला हवी होती. पण पुढच्याच आठवड्यात सकाळच्या घाईत मी पुन्हा डोक्यापासून पोटरीपर्यंत फेसात होतो आणि नळाने उचकी दिली.

"अगं, पाणी!"

"पाइप बदलताहेत," दाराबाहेरून बायको म्हणाली. "फलकावर टाकलं होतं."

"मी कालच बघितलं! मांजराखाली काहीच नव्हतं!"

"आता मांजराखाली नाही टाकत ते. कुणीच कुठे टाकत नाही. सगळे आईच्या खाली लिहितात." तिने मोबाईल उघडलेला असावा, कारण ती वाचून दाखवू लागली. "पाइपचं आहे. लिफ्टच्या मेकॅनिकचं आहे. शिवणवाल्या बाईंची सुट्टी आहे. आणि बाबांनी सकाळी लिहिलंय, 'हजर.' ते रोज लिहितात. आता आईचा विषय काही खाली जायचा नाही. ऐकताय ना? वरपासून वाचू का?"

"वाच," मी म्हटलं.

तिने सासूबाईंपासून सुरुवात केली. 'चांगले आहेत' पर्यंत ती आली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. साबण गेला असेल. पण घरात त्या वेळी तेवढंच पाणी होतं, म्हणून मी ते पुसलं नाही.